हजेरी हा पोराचा पराक्रम नव्हे

गॅदरिंगच्या मंडपात नाच आटोपले, पाहुण्यांची भाषणं झाली, की बक्षीसवाटपात एक पुकारा हमखास होतो : 'वर्षभरात एकही दिवस गैरहजर न राहिलेले विद्यार्थी.' दोन-तीन पोरं पुढे येतात. सरपंच नाहीतर केंद्रप्रमुख त्यांच्या हातात कंपासपेटी आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र देतात, फोटो निघतो, आणि मंडप उतरायच्या आत तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. हल्ली काही शाळांना वर्षभर थांबायलाही दम निघत नाही. दर शनिवारी 'आठवड्याचा उपस्थितीवीर' जाहीर होतो, तक्त्यावर नावापुढे चांदण्या चिकटवल्या जातात, आणि ज्या वर्गाची हजेरी सर्वांत जास्त त्याच्या दारावर आठवडाभर झेंडा लागतो.

यात वाईट काय, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांत माझे शिक्षक मित्र आहेत, निवृत्त विस्तार अधिकारी आहेत, स्वतःच्या आईच्या नावाने हे बक्षीस ठेवणारे सज्जन देणगीदारही आहेत. त्यांचं म्हणणं असं की, मुलांना नियमितपणाची सवय लागते, पालकांमध्ये चुरस होते, आणि जिथे शिक्षणाची किंमत लोकांना कळत नाही तिथे ती अशीच पटवून द्यावी लागते. हेतूबद्दल मला शंका नाही. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलाची हजेरी हे त्या मुलाचं कर्तृत्वच नसतं. त्या रकान्यात त्याच्या घराची मिळकत दिसते, गावचा रस्ता दिसतो, हंगाम दिसतो, आणि सर्वांत जास्त, शाळा दिसते. एवढ्या सगळ्यांचा हिशेब एका पोराच्या नावावर मांडायचा, त्यावरून कोणाला टाळ्या द्यायच्या आणि उरलेल्यांना खाली बसून त्या वाजवायला लावायच्या, हा प्रकार मला निरुपयोगी तर वाटतोच, अन्यायाचाही वाटतो.

कुठल्याही दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचं हजेरीपत्रक समोर घ्या आणि महिन्याची बेरीज सोडून आठवड्याचे वार बघा. सोमवारी थोडी खोट असते, कारण रविवारी मामाकडे गेलेलं पोर पहिल्या एसटीने परत आलेलं नसतं. मंगळवार बरा जातो. मग येतो बाजाराचा वार. पंचक्रोशीतल्या मोठ्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी तिसरी-चौथीच्या मुलींच्या ओळीत खाडे दिसतात. मुलांच्या ओळीत तेवढे नसतात. कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे : मजुरीचे पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडतात, आई भाजी विकायला किंवा आठवड्याचं वाणसामान आणायला जाते, आणि घरी दीड वर्षाचं पोर असतं. अंगणवाडी त्याला बसवून घेत नाही, तिथे तीन वर्षांपुढची मुलं बसतात. मग आठ वर्षांची ताई घरी थांबते.

एका शाळेत यावर काढलेला तोडगा मी पाहिला आहे. बाजारादिवशी ताई भावाला कडेवर घेऊनच आली होती. बाईंनी त्याला मागच्या भिंतीशी पोत्यावर बसवलं, हातात खडूचा तुकडा दिला. तो फरशीवर रेघोट्या ओढत राहिला, मध्येच रडला, ताईने उठून त्याचं नाक पुसलं आणि परत येऊन भागाकार मांडला. दुपारी त्याच्यापुढेही ताटलीत चार घास खिचडी आली. शालेय पोषण आहाराच्या वहीत लाभार्थी म्हणून त्याची नोंद अर्थातच नाही. नियमात हे बसत नाही, शहाणपणात बसतं. त्या मुलीची त्या दिवशीची हजेरी लागली ती बाईंमुळे. आता सांगा, कंपासपेटी कोणाला द्यायची?

शनिवारचं गणित आणखी वेगळं. सकाळची शाळा, थंडीत अंधारातच उठायचं, त्यामुळे खाडे वाढतात. पण ज्या शाळांनी दप्तराविना 'आनंददायी शनिवार' मनापासून भरवला, मैदानात कबड्डी ठेवली, मातीकाम ठेवलं, तिथे शनिवारी पोरं जास्त येतात असं शिक्षकच सांगतात. पोरं तीच, घरंही तीच. बदलली ती शाळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही लहान मुलांची झोप होत नाही या कारणावरून. म्हणजे मुलांच्या सकाळवर मोठ्यांच्या घड्याळाचा ताबा असतो, हे शासनालाही मान्य आहे.

वारांच्या पुढे महिने लावून पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होतं. जुलैत इगतपुरी-जव्हारकडे भातलावणी असते आणि वाटेतल्या ओढ्याला पाणी असतं. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे वेचणी. आणि बीड जिल्ह्याच्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागात दसरा-दिवाळीनंतर वर्गच्या वर्ग विरळ होतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी, पोरं असं बिऱ्हाड चढतं. गावी आजी असेल, किंवा हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं असेल, तर पोर मागे राहतं. नाहीतर ते फडावर जातं. तिथे धाकट्याला सांभाळणं, पाणी आणणं, वाढं गोळा करणं हा त्याचा अभ्यासक्रम. शिक्षण हमी पत्रक नावाची एक सोय कागदावर आहे. ते दाखवलं की मुलाने कारखान्याजवळच्या शाळेत बसावं अशी अपेक्षा असते. पण फड आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. गुढीपाडव्याच्या सुमारास पोर गावी येतं तेव्हा त्याच्या नावापुढे पाच महिने गैरहजेरी साचलेली असते, आणि त्याच सुमारास शाळेत बक्षीसवाटपाची यादी तयार होत असते.

या यादीत त्याचं नाव कधीच येणार नाही. तो हुशार असो, त्याला शाळा प्रिय असो, फडावर कोपीत बसून त्याने मराठीचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलेलं असो. स्पर्धेचे नियमच असे आहेत की तो जन्मतः बाद. आणि जिंकणारा बहुतेक वेळा कोण असतो? ज्याचं घर शाळेला लागून आहे, ज्याचे आजी-आजोबा घरी आहेत, ज्याचा बाप मोटारसायकलवरून सोडतो. त्या पोराचा यात काही दोष नाही. पण त्याने काही मिळवलं आहे असं गावासमोर सांगणं खोटं आहे, आणि फडावरून आलेल्या पोराला हे खोटं त्या घरातल्या पोरापेक्षा लवकर कळतं.

ठीक आहे, न्याय-अन्याय बाजूला ठेवू, पण उपयोग तर होतो ना, असा पुढचा प्रश्न येतो. उपयोग होतो का हे तपासून पाहिलेलं आहे. भारतातल्याच शहरी झोपडवस्त्यांतल्या अनौपचारिक शाळांत सुजाता विसारिया, राजीव देहेजिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक दिवस हजर राहणाऱ्या मुलांना बक्षीस. बक्षीस चालू होतं तोवर सरासरी हजेरी वाढली. बक्षीस बंद झाल्यावर जी मुलं आधीपासूनच नियमित होती त्यांच्यात काही फरक पडला नाही. पण जी मुळात कमी येत होती, त्यांची हजेरी नंतर घसरली आणि चाचण्यांतले गुणही घसरले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, नेमकं त्यांचंच नुकसान. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पंधरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, मागच्या पूर्ण हजेरीबद्दल अचानक प्रमाणपत्र दिल्यावर मुलं पुढच्या महिन्यात जास्त दांड्या मारू लागली. ती मुलं सहावी ते बारावीची होती, आपल्या पहिली-दुसरीला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण 'सवय लागते' हे वाक्य ज्या खात्रीने बोललं जातं ती खात्री कुठून येते, एवढं तरी विचारायला हरकत नाही.

खरी सवय कशाने लागते, याचा पुरावा आपल्याच खिचडीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिजवलेलं अन्न नव्हतं. मुलामागे महिन्याला ३ किलो धान्य घरी मिळायचं, आणि अट होती ८० टक्के हजेरीची. म्हणजे हजेरीचं बक्षीसच ते, कंपासपेटीच्या जागी तांदूळ. ऐंशी टक्के भरले की नाही हे शेवटी शिक्षकाच्या पेनावर. गरीब घराचा तांदूळ तोडायचा की रकान्यात एक 'ह' जास्त लिहायचा, हा पेच कोणत्या माणसाने कसा सोडवला असेल ते सांगायला नको. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला आणि तऱ्हा बदलली. आता अट काहीच नाही. आज आलास तर आज जेव. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात हा बदल होताना आकडे तपासले. कोरड्या धान्याऐवजी गरम जेवण मिळू लागलं तिथे पहिलीतल्या मुलींची मासिक हजेरी बारा टक्के-अंकांहून अधिक वर गेली. त्या मुलींना कोणी हार घातला नव्हता, त्यांच्या नावापुढे चांदणी लावली नव्हती. त्यांच्या घरातली एका वेळच्या जेवणाची चिंता कमी झाली होती.

आणि इथे थोडं कडू बोलावं लागेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच आहारात आठवड्याला एक अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं, द्यायचं आपल्या राज्याने ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला, द्यायचं तर लोकसहभागातून द्या असं सांगण्यात आलं. अंड्याच्या दिवशी वर्ग भरलेला असतो, हे कोणत्याही स्वयंपाकीण ताईला विचारा. लोकसहभागाचे पैसे गावात आहेतच, ते आपण प्रमाणपत्रांच्या लॅमिनेशनवर घालतो.

कोणी म्हणेल, मग मुलींच्या उपस्थिती भत्त्याचं काय, तेही हजेरीबद्दलचं बक्षीसच ना? नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ठरावीक गटांतल्या प्राथमिक मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया देण्याचं ठरलं. तो घराच्या तोट्याची भरपाई म्हणून आहे, मंचावर बोलावून द्यायचं कौतुक म्हणून नाही, आणि एक दिवस चुकला तर एकच रुपया जातो. त्या योजनेचा दोष एवढाच की रुपया रुपयाच राहिला आणि भाव तीस वर्षांत कुठच्या कुठे गेले.

शंभर टक्क्यांच्या हव्यासाची दुसरी बाजू आरोग्याची. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. आळंदीपासून सुरू झालेली ती साथ शाळाशाळांत शिरली. मुलाचे डोळे आले असतील तर त्याला घरी ठेवा, असं आरोग्य खातं सांगत होतं. ज्या आयांनी ऐकलं त्यांची मुलं त्या वर्षी 'शंभर टक्के'तून बाद झाली. ज्यांनी डोळ्यात थेंब टाकून लाल डोळ्यांचं पोर वर्गात पाठवलं, त्यांचं नाव यादीत राहिलं. गालफुगी, कांजिण्या, ताप, सगळ्यांचं हेच. दुसऱ्यांच्या पोरांना वाचवण्यासाठी घरी बसलेल्या मुलाला आपण 'अनियमित' म्हणतो, आणि साथ वाटत फिरणाऱ्याला व्यासपीठावर बोलावतो. मधुमेह, दमा, सिकलसेल असलेली मुलंही याच वर्गांत बसतात. सिकलसेलच्या दुखण्याने महिन्यातून दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या गडचिरोलीच्या मुलीला चांदण्यांचा तक्ता रोज काय सांगत असेल?

'आमच्या वेळी आम्ही नदी ओलांडून, अनवाणी, पाच-पाच मैल जात होतो,' हा युक्तिवाद मी फार वेळ घेणार नाही. जे पोहोचले ते आठवणी लिहितात. जे तिसरीतच गळाले त्यांचं आत्मचरित्र कोण छापणार?

मात्र विरोधकांच्या म्हणण्यातला एक भाग मी मनापासून मान्य करतो. हजेरीला महत्त्व आहे, प्रचंड आहे. पहिली-दुसरीत आठवड्यातून एक दिवस बुडणारं मूल दोनशे दिवसांच्या वर्षात तेहतीसेक दिवस गमावतं. जोडाक्षरं, हातच्याची बेरीज, वाचनाची लय, या गोष्टी सलग सरावाच्या आहेत. मध्येच चार दिवस गेले की पोर परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, त्याला काही कळेनासं होतं, आणि न कळणाऱ्या जागी बसण्यापेक्षा ते घरी राहणं पसंत करतं. खाड्यातून खाडा निघतो. म्हणूनच तर हजेरीपत्रक नीट वाचायला हवं. बक्षिसाची योजना ते वाचू देत नाही. ती फक्त वरची तीन नावं बघते. खालून दहावं नाव, जे दर बुधवारी कोरं असतं, त्याकडे बघायचं कारणच उरत नाही. त्यातून आकडा वर न्यायचा दबाव आला की आकडा वर जातो, पोर येवो न येवो. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवते ना? दोन शाळांत तेच पोर मोजलं जाऊ नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती, आणि पटावरच्या सुमारे २० लाख नावांचा वर्गात पत्ता नव्हता. त्यातली काही मुलं खरोखरच त्या दिवसांत आजारी किंवा परगावी असतील. पण तुकड्या, शिक्षकांची पदं आणि अनुदान पटाला जोडलेलं असताना पट फुगला, यात नवल नव्हतं. चांदणी आणि झेंडा ही त्याच रोगाची बाळरूपं आहेत. वर्गाच्या दारावर झेंडा राहावा म्हणून उशिरा आलेल्या पोराला वर्गमित्रच शिव्या घालताना मी ऐकले आहेत. आदल्या रात्री त्याच्या घरी काय झालं होतं ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आणि कायदा काय म्हणतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात 'सक्तीचं शिक्षण' याचा अर्थ कलम ८ मध्ये सांगितला आहे. मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करणं हे शासनाचं बंधन आहे. कलम ९ तेच काम स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला, नेमून देतं. कलम २४ शिक्षकाला स्वतः वेळेवर आणि नियमित यायला सांगतं, आणि मुलाच्या हजेरीबद्दल पालकांशी बोलायला सांगतं. पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य आहे. पाचवीपर्यंतची शाळा वर्षात किमान २०० दिवस भरली पाहिजे, ही अट शाळेवर आहे. सगळा कायदा चाळा, हजेरीचं ओझं सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर कुठेही सापडणार नाही. त्या ओझ्याचे धनी बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसलेले असतात.

म्हणून मला वाटतं, चांदण्यांचा तक्ता काढून त्या जागी दुसरा तक्ता लावावा. शाळा या आठवड्यात किती तास खरोखर भरली? दोन शिक्षकांपैकी एक जण मतदारयादीच्या, सर्वेक्षणाच्या, प्रशिक्षणाच्या कामाला किती दिवस बाहेर होता, आणि त्या दिवशी चार वर्ग एकाच खोलीत कसे बसले? खिचडी किती दिवस शिजली, तांदूळ किती दिवस आलाच नाही? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी होतं का? हे आकडे शाळेच्या दारावर लागले तर मुलांच्या गैरहजेरीची निम्मी कारणं गावाला उभ्या उभ्या वाचता येतील. बिचाऱ्या शिक्षकावर आणखी एक माहितीचा नमुना लादला, असं कोणी म्हणेल. मुलांची उपस्थिती तो आजही मोबाइलवर रोज भरतोच, एका ॲपवर, मग दुसऱ्यावर. त्यातलं एक तरी कमी करा, मग हे मागा.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दर महिन्याला असते, इतिवृत्त लिहिलं जातं, सह्या होतात. तिच्या विषयपत्रिकेत एक कलम टाकायला शासन निर्णयाची वाट पाहायला नको. गेल्या महिन्यात तीन दिवसांपेक्षा जास्त कोण आलं नाही, कोणत्या वारी आलं नाही, आणि त्याच्या घरी कोण जाणार. बाजारादिवशी ताईच्या भावाला कोण सांभाळेल हा प्रश्न समितीतल्या चार बायका दहा मिनिटांत सोडवतील, त्यांना फक्त तो विचारला गेला पाहिजे. ऊसतोडीला कोण कोण जाणार हे मुकादमाला गणपतीतच माहीत असतं. मग हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीनंतर का निघावा? तो गणपतीतच निघावा, म्हणजे ट्रॅक्टर गावातून हलायच्या आधी तिथली चूल पेटलेली असेल.

कंपासपेट्यांचे देणगीदार राहतात. त्यांना समितीने एवढंच सांगावं : पैसे द्या, जरूर द्या, आणि आईच्या नावाची पाटीही लावू. पण ती अंड्यांच्या खर्चावर.